'तपासाला सहकार्य करत नाही'

पोरगा हार्डवेअरच्या दुकानात कामाला. गोदामातून पितळी नळांच्या पेट्या गेल्या, मालकाने याच्यावर संशय घेतला, पोलिसांनी उचललं. घरी वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून केस आमच्या लोक अभिरक्षक कार्यालयाकडे आली. पहिल्या दिवशी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, झाली. पोलीस त्याला घेऊन जाण्याआधी मी बजावलं, "नाव, पत्ता, घरचे कोण, सगळं खरं सांग. चोरीबद्दल विचारलं तर 'मला काही बोलायचं नाही' म्हण. खोटं मात्र एक अक्षर सांगू नकोस."

मुदत संपली तेव्हा पोलिसांनी आणखी तीन दिवस मागितले. रिमांड रिपोर्टमधली बाकी कारणं नेहमीचीच: मुद्देमाल हस्तगत करणे बाकी, साथीदारांचा शोध घेणे बाकी. शेवटी लिहिलं होतं, 'आरोपी तपासाला सहकार्य करत नाही, उडवाउडवीची उत्तरे देत आहे.'

मी त्याच वाक्याला धरलं. संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हे संरक्षण पोलीस ठाण्यातल्या चौकशीलाही लागू आहे, हे नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्येच ठरलं. शिवाय 'संतोष विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आरोपीने कबुली दिली नाही एवढ्यावरून तो सहकार्य करत नाही असं होत नाही. त्या परिच्छेदाला पेन्सिलीने खूण करून प्रत वर दिली. न्यायाधीश साहेबांनी ती पूर्ण वाचली. मग तपास अधिकाऱ्यांना विचारलं, "मालकाचं स्टॉक रजिस्टर घेतलं? गोदामाचं सीसीटीव्ही?" दोन्ही घेतलं नव्हतं. मला राग येतो तो याचाच. आरोपीला बोलतं केलं की तपास झाला, अशी सवयच पडली आहे.

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली. वकिलांच्या लेखी ही मोठी गोष्ट, कारण आता पोलिसांच्या ताब्यातून सुटका आणि जामिनाच्या अर्जाला वाट मोकळी. पण 'जेल' हा शब्द ऐकून त्याची आई कोर्टाच्या पायरीवरच रडायला लागली.

"मॅडम, हवालदार म्हणाले होते, पोराला समजवा, कबूल केलं की मोकळा होईल. डबा द्यायला गेले तेव्हा मी हात जोडले त्याच्यापुढं. तरी बोलला नाही."

हे मला ठाऊकच नव्हतं. कबूल करून कुणी मोकळं होत नाही. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही हे खरं, पण तिच्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली आत येतो. मेमोरंडम पंचनामा, म्हणजे वस्तू कुठे आहे हे आरोपीने सांगितल्याची पंचांसमोरची नोंद, करतात ती त्यासाठीच. आणि त्या पोराने पोलिसांसमोरच नव्हे, आईसमोरही तोंड मिटून धरलं होतं. साहेबांनी 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' विचारल्यावर तो 'नाही' म्हणाला. हे 'नाही' त्याचं स्वतःचं होतं का, हे मी त्याला जामिनानंतरही विचारलं. त्याने विषय बदलला.

आईचा प्रश्न मात्र वेगळाच. "त्यानं काही केलं नव्हतं, तर बोलायला काय हरकत होती?"

मी म्हटलं, "मावशी, गोदामाची एक किल्ली त्याच्याकडे असायची. घाबरून एवढंच बोलला असता, तर मालकाच्या दोन किल्ल्या कुणी मोजल्याच नसत्या."

तिला ते पटलं नाही. शेजारचेही हेच विचारतात म्हणाली.