शुक्रवारचे ताट

अदिस अबाबातल्या त्या रेस्टॉरंटमध्ये मी डोरो वत खाण्याच्या इराद्याने गेलो होतो. पुष्कळसा कांदा बराच वेळ परतून, त्यात बर्बेरे हा लालभडक मसाला घालून शिजवलेला तो कोंबडीचा रस्सा. पण वार शुक्रवार होता. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चला मानणारे लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात आणि त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी काहीच खात नाहीत. माझ्या तिथल्या सहकाऱ्यांनी सगळ्यांसाठी उपवासाचे ‘बेयायनेतू’, म्हणजे अनेक भाज्यांचे एकत्र ताट, मागवले, तेव्हा मी मनातून खट्टू झालो, हे कबूल करायला हवे.

हात धुऊन होताच, मेसोब नावाच्या विणलेल्या उंच टोपलीवर चौघांत मिळून एकच भलेमोठे ताट आले. त्यात इंजेरा हा मऊ पोळीसारखा पदार्थ पसरलेला होता आणि त्यावर मसुरीचे तिखट वत, हरभऱ्याच्या पिठाचे दाटसर शिरो, शिजवलेला पाला, बीट, कोबी-बटाटा असे रंगीत ढीग मांडले होते.

इथे इंजेरा हेच ताट, हाच चमचा आणि हेच अन्न. टेफ या अतिशय बारीक धान्याचे पीठ आधीच्या आंबवणाचे पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवतात, मग मिताद या गोल तव्यावर ओतून, झाकण ठेवून ते एकाच बाजूने भाजतात. तो उलटत नसल्यामुळे वरच्या बाजूला असंख्य छिद्रे तशीच राहतात आणि रस्सा नेमका त्यांतच मुरतो. पहिल्या दोन घासांना त्याचा आंबटपणा मला नकोसा वाटला. तिसऱ्या घासाला बर्बेरेचा जाळ जाणवला आणि त्या आंबटपणाचे काम कळले.

तुकडा तोडून भाजी चिमटीत उचलण्याची कला मला शेवटपर्यंत साधली नाही. माझी फजिती पाहून शेजारच्या बाईंनी स्वतःच्या हाताने एक घास करून माझ्या तोंडात घातला. याला गुर्शा म्हणतात, आणि घास जितका मोठा तितका जिव्हाळा जास्त, असे त्यांनी सांगितले. मला काही क्षण बोलता आले नाही, ते निव्वळ घासाच्या आकारामुळे.

ढीग संपल्यावर सगळ्यांचे हात तळाच्या इंजेऱ्याकडे वळले. चार रश्श्यांनी भिजून मऊ झालेला तो थर मला त्या जेवणातला सर्वांत उत्तम पदार्थ वाटला. शनिवारी मी पुन्हा जाऊन डोरो वत खाल्ले. तेही फार चांगले होते. फक्त त्याखालच्या इंजेऱ्याला एकच चव होती.