४६ पानांचे एक वर्ष

ब्रुसेल्समध्ये चित्रकथांची चित्रकार म्हणून काम करू लागून सहा वर्षे झाली, तरी सांगलीहून अण्णांचा फोन आला की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "वाचतेस का काही, की नुसती चित्रंच बघतेस?" लहानपणी दप्तरात 'अमर चित्रकथा' सापडली की हाच प्रश्न दटावणीच्या सुरात येत असे, आता त्यात थोडी थट्टा असते. मी राहते त्या शहरात मात्र या दोन क्रिया वेगळ्या मानण्याची गरज कुणाला वाटत नाही. चित्रकथेला येथे फ्रेंचमध्ये 'बेदे' म्हणतात, तिच्यातील पात्रे घरांच्या उंच भिंतींवर रंगवलेली आहेत, आणि व्हिक्तोर ओर्ता या वास्तुकाराने बांधलेल्या एका जुन्या कापडपेढीच्या देखण्या इमारतीत १९८९ पासून चित्रकथेचे संग्रहालय आहे.

चित्रकथेचे पुस्तक, म्हणजे येथील पुठ्ठाबांधणीचा प्रचलित अल्बम, ४८ पानांचा असतो आणि त्यांतील ४६ पाने चित्रांची. आठवड्याला दोन पाने झाली तर मी स्वतःवर खूश असते. दुरुस्त्या आणि रंगकाम धरून जवळजवळ वर्ष जाते आणि वाचक ते पाऊण तासात संपवतो. याचे दुःख करण्यात अर्थ नाही, कारण पुरणपोळीचेही तसेच असते.

कथा लेखकाची असते. ती हाती आली की प्रथम प्रत्येक पानाची चौकटींमध्ये विभागणी करायची. सारख्या आकाराच्या चौकटींच्या पानाला येथे 'गोफ्रिए' म्हणतात, म्हणजे वाफल भाजण्याचा साचा. बेल्जियममध्ये दुसरे कोणते नाव सुचणार! या टप्प्यावर मला घरात पूर्ण शांतता लागते, कारण पात्रांचे संवाद मनात म्हणून पाहिल्याखेरीज संवादाच्या फुग्याला किती जागा सोडायची ते कळत नाही, आणि त्या दिवसांत माझ्याकडून दुसऱ्या कुणाचे एक पानही वाचून होत नाही. शाईचे काम सुरू झाले की हात आणि डोळे गुंततात, कान मोकळे होतात. तेव्हा मी मराठी कथाकथनाची ध्वनिमुद्रणे लावते आणि एका अल्बमच्या शाईत दोन-तीन जाड कादंबऱ्याही ऐकून होतात. रंग मात्र मी दिवसाच्या उजेडातच लावते. डिसेंबरमध्ये येथे पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यातील लांबलचक संध्याकाळी वाचनाच्या वाट्याला येतात.

दुसऱ्याचा अल्बम मी तीनदा वाचते. पहिल्यांदा सरळ, गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा फुग्यांवर कागदाच्या पट्ट्या ठेवून, म्हणजे शब्दांवाचून चित्रे कुठवर चालतात ते कळते. तिसऱ्यांदा फक्त उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटी पाहत जाते. त्या चौकटीनंतर वाचकाला पान उलटावे लागते, म्हणून दार उघडण्याचा, मागे वळून पाहण्याचा, दचकण्याचा क्षण तेथे ठेवतात आणि उत्तर पानाआड राहते. या कौशल्याची मुळे साप्ताहिकांत आहेत, असे मला वाटते. १० जानेवारी १९२९ रोजी सुरू झालेला, एर्जे या बेल्जियन चित्रकाराचा टिनटिन दर आठवड्याला दोनच पाने भेटत असे, आणि वाचकाला आठवडाभर थांबवायचे तर ती दोन पाने कशी संपवायची हे चित्रकाराला शिकावेच लागले.

साप्ताहिकाची सवय अजून पुरती गेलेली नाही. १९३८ मध्ये सुरू झालेले 'स्पिरू' आजही बुधवारी येते. येथील फ्रेंच माध्यमाच्या शाळांना बुधवारी दुपारनंतर सुट्टी असते. त्या वेळी मी मुद्दाम आमच्या भागातील नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन बसते आणि मुले कोणत्या पानावर थबकतात, कोणते भरकन उलटतात ते पाहते. कोणत्याही परीक्षणापेक्षा मला हे अधिक उपयोगी पडते.

इथे आल्यावर जुन्या वाचनाकडेही मी पुन्हा वळले. अल्बमच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या जोडीने चित्रकाराचे नाव ठळक छापलेले पाहताना लक्षात आले, की लहानपणी पारायणे केलेला 'कृष्ण' कुणी काढला, हे मी कधी पाहिलेच नव्हते. ते राम वाईरकर होते. मागच्या सुट्टीत माळ्यावरून तो अंक काढून आणला आणि कुंचल्याची एकेक रेघ भिंग लावून पाहिली.

गेल्या वर्षी माझा अल्बम सांगलीला पाठवला. अण्णांना फ्रेंच येत नाही, त्यामुळे फुग्यांवर पट्ट्या ठेवण्याची गरजच नव्हती. महिनाभराने त्यांचा फोन आला. "बाविसाव्या पानावर त्या म्हातारीची कपबशी डाव्या हातात आहे, आणि लगेच पुढच्या चौकटीत उजव्या हातात कशी गं?" मी अल्बम उघडून पाहिला. लेखक, संपादक आणि मी, तिघांच्याही नजरेतून ते सुटले होते.