ओरेगनमध्ये कृष्णवर्णीय इतके कमी का?

पुण्याहून कुणी आमच्याकडे अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला आलं, की दोन दिवसांत विचारतंच, "इथे कृष्णवर्णीय माणसं फारशी दिसत नाहीत, असं का गं?" उत्तरही बरेचदा तेच देऊन टाकतात: पाऊस फार, थंडी, नोकऱ्या नसतील. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पावसाचा काही संबंध नाही. त्यांनी इथे येऊच नये, असा कायदा होता.

ओरेगन राज्यही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. 1844 साली इथल्या हंगामी सरकारने ठरवलं, की गुलामगिरी नको आणि कृष्णवर्णीयही नकोत. मुदतीत न जाणाऱ्याला 20 ते 39 फटके, तरीही राहिला तर सहा महिन्यांनी पुन्हा. फटक्यांचं कलम अंमलात येण्याआधीच काढलं गेलं. मला मात्र त्यापेक्षा 1857 चं मतदान जास्त बोलकं वाटतं. गुलामगिरी नको म्हणणारे 7,727, हवी म्हणणारे 2,645. वा! पण त्याच वेळी, मुक्त कृष्णवर्णीयांना येऊ द्यायचं का, यावर 'नको' म्हणणारे 8,640 आणि 'येऊ द्या' म्हणणारे फक्त 1,081. म्हणजे गुलामगिरीच्या विरोधकांनाही शेजार नकोच होता. नव्याने येणाऱ्याने इथे राहायचं नाही, जमीन घ्यायची नाही, करार करायचा नाही, कोर्टात दावा लावायचा नाही. हे कलम राज्यघटनेत घेऊनच 1859 साली ओरेगन राज्य झालं. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या घटनेत झालेल्या दुरुस्त्यांनी ते निकामी झालं, पण ओरेगनच्या घटनेतून निघायला 1926 उजाडलं.

माणसं मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धात, हेन्री कैसर या उद्योगपतीच्या जहाज कारखान्यांत कामाला. पोर्टलंडमध्ये त्यांना घर द्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. घरांच्या दलालांच्या संघटनेने गोऱ्यांच्या वस्तीत त्यांना घर न विकण्याचा नियमच 1919 मध्ये केला होता. 1942 मध्ये कोलंबिया नदीकाठच्या सखल जमिनीवर कारखान्यांतल्या गोऱ्या-काळ्या सगळ्याच कामगारांसाठी व्हॅनपोर्ट हे शहर उभं राहिलं. ऐन भरात वस्ती चाळीस हजारांच्या घरात, ओरेगनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. 30 मे 1948 ला नदी फुगली होती. सकाळी गृहनिर्माण खात्याने दारोदार पत्रकं टाकली: बंधारे सध्या सुरक्षित आहेत, गरज पडली तर कळवू, निघायला वेळ मिळेल, घाबरू नका. दुपारी रेल्वेचा भराव फुटला. 15 जण गेले, साडेअठरा हजार बेघर झाले. त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. शहर पुन्हा बांधलंच नाही. आज तिथे गोल्फ कोर्स आणि मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे.

त्यातली कृष्णवर्णीय माणसं पोर्टलंडच्या अल्बिना भागात दाटीवाटीने राहिली. मग तिथेच स्टेडियम आलं, हायवे आला, सत्तरच्या दशकात इमॅन्युएल हॉस्पिटलच्या विस्तारासाठी सुमारे 300 घरं-दुकानं पाडली. पाडून झाल्यावर केंद्राचा निधी आटला आणि भूखंड कित्येक दशकं तसेच पडून राहिले. याचा मला पुराहूनही जास्त संताप येतो.

अलीकडे अल्बिनातली घरं महाग झाली, तशी बरीच कुटुंबं पूर्वेला ग्रेशमच्या बाजूला सरकली. आपण पाहुण्यांना फिरवतो ते रोझ गार्डन, डाउनटाउन आणि बीव्हरटनचं इंडियन ग्रोसरी स्टोअर. त्या वाटेवर ती भेटणार कशी?