तिसरी फेरी

"अगं आजारी आहेस ना तू, मग कशाला एवढं दमवतेस स्वतःला?" आज सकाळी बागेत एका काकूंनी ताईला थांबवून विचारलं. मायेनंच विचारलं, पण दिवसभर डोक्यातून जातच नाहीये.

ताईला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. तिसऱ्या फेरीला तिच्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं तशी ती बाकावर बसली, ओला रुमाल मानेवर ठेवला आणि उजवा डोळा झाकून समोरची पाटी वाचत राहिली. आधी मोठी अक्षरं दिसली, मग हळूहळू खालची बारीक, की उठून परत चालायला लागली.

अंग तापलं की असं होतं, उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय. गार झालं की जातं, त्यानं आजार वाढत नाही. पण याच भीतीनं कितीतरी वर्षं एमएसवाल्यांना व्यायाम करू नका असंच सांगायचे. १९९६ साली अमेरिकेत युटामध्ये एमएसवाल्यांकडून १५ आठवडे एरोबिक व्यायाम करून घेतला तर ताकद वाढली, मूड पण सुधारला.

आणि हार्मोन्सचाही यात हात असतो असं मानतात! गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एमएसचे अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उफाळणं, कमी होतात, बाळंतपणानंतर परत वाढतात. ताईचं तसंच झालं, पोरगं दोन महिन्यांचं असताना पाय बधिर झाला आणि आम्ही सगळ्यांनी तिला झोपवूनच ठेवलं. बाळ उचलायलाही देत नव्हतो. आज वाईट वाटतं त्याचं.

काकूंना ती एवढंच म्हणाली, "उद्या या ना माझ्याबरोबर."

तुमच्याकडे कुणाला एमएस असेल तर उन्हाळ्यात चालायचं कसं जमवता?