शानछा, त्सुबाकी, यामाचा

चहा आणि शोभेच्या फुलांचं झुडूप कॅमेलिया ही सख्खी भावंडं आहेत, हे चिनी भाषेत नावातच कळतं. कॅमेलिया म्हणजे ‘शानछा’, डोंगरी चहा. जिच्या बियांचं तेल काढतात ती ‘योउछा’, तेलाचा चहा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीतली पिवळ्या फुलांची जात ‘चिनह्वाछा’, सोनफुलांचा चहा. पानं उकळून प्या अथवा नका पिऊ, आडनाव एकच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसने मात्र १७५३ साली चहासाठी ‘थीआ’ आणि वेगळी ‘कॅमेलिया’ अशा दोन प्रजाती मांडल्या आणि चहाला ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ हे नाव मिळायला १८८७ साल उजाडलं. चिनी नावांवर माझा जीव आहे तो यासाठीच.

जपानीत कॅमेलियाला स्वतःचं नाव आहे, ‘त्सुबाकी’, आणि त्यात चहा कुठेच नाही. लिहिताना झाडाच्या चिन्हाशेजारी वसंताचं चिन्ह येतं. हेच अक्षर चीनमध्ये वाचलं तर ‘छुन’, म्हणजे ज्याचे कोवळे कोंब भाजीत घालतात ते भलतंच झाड! ‘शानछाहुआ’ची तीन अक्षरंही जपानमध्ये गेली, पण तिथे उच्चार झाला ‘साझान्का’ आणि ती शरदात फुलणाऱ्या वेगळ्या जातीला चिकटली. झाडाखाली बघितलं की दोघींतला फरक कळतो. त्सुबाकीचं फूल पिवळ्या पुंकेसरांच्या नळीसकट अख्खं गळून पडतं, साझान्काच्या पाकळ्या एकेक करून विखुरतात.

आणि मग ‘यामाचा’. अक्षरं तीच, डोंगर आणि चहा, पण जपानीत हा खराखुरा चहाच: क्यूशू-शिकोकू बेटांच्या डोंगरांत कुणी न लावता वाढलेला. म्हणजे चीनमधली शोभेची फुलं आणि जपानमधला रानचहा एकाच नावाने लिहिले जातात. जुनं लिखाण वाचताना हे डोक्यात ठेवावंच लागतं, नाहीतर अख्खा परिच्छेद दुसऱ्याच झाडाबद्दल वाचला जातो.

चिनी लोक रानातल्या चहाला ‘येछा’ म्हणतात, पण तोही शब्द ऐसपैस आहे. चीनच्या युन्नान प्रांतात येछा म्हणून जे पितात, ते कधी कधी ‘कॅमेलिया टॅलिएन्सिस’ असतं. तिथल्या दाली शहरावरून नाव पडलेली ही वेगळीच जात. नेहमीच्या चहाच्या कोंबाच्या कळीवर (फुलाच्या नव्हे) बारीक पांढरी लव असते, हिची कळी बहुतेक वेळा गुळगुळीत. फूल उघडून अंडाशय आडवा कापला तर चहात तीन कप्पे, हिच्यात सहसा पाच. त्यामुळे ‘येछा’ म्हणून कुणी फोटो दाखवला की मी पानांकडे बघतच नाही, आधी कळी बघते.