हेमिंग्वेची शिवी आणि न वापरलेला एक शेवट

हेमिंग्वेवर प्रबंध लिहायचा तर बॉस्टनची वारी चुकत नाही. त्याची बहुतेक हस्तलिखितं तिथल्या जॉन एफ. केनेडी ग्रंथालयात आहेत. कादंबरीकाराचे कागद राष्ट्राध्यक्षाच्या ग्रंथालयात कसे? १९६१मध्ये हेमिंग्वे गेला तेव्हा अमेरिकनांना क्यूबात जायला बंदी होती. केनेडी सरकारने त्याच्या बायकोला, मेरीला, तिथे जाऊ दिलं. तिने हवानाजवळच्या घरातले कागद सोडवून आणले आणि पुढे या ग्रंथालयाला दिले.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पिशवीही बाहेर ठेवायची. पेन्सिल घेऊन मी ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या त्याच्या कादंबरीच्या शेवटाचे मसुदे वाचायला बसले. १९५८च्या एका मुलाखतीत हेमिंग्वेने सांगितलं होतं, की हा शेवट आपण ३९ वेळा लिहिला. गडी बढाईखोर, त्यामुळे आकड्यावर माझा विश्वास नव्हता. पण २०१२च्या आवृत्तीत ४७ शेवट छापलेत. म्हणजे इथे स्वारीने चक्क कमी सांगितलं! एका शेवटात कॅथरीन (कादंबरीची नायिका) मेली, तुम्ही मराल, मीही मरेन, एवढंच वचन देता येईल, असं म्हणून नायक मोकळा होतो. दुसऱ्या एकात तिचं बाळ जगतं.

मला खरं तर त्याच्या कादंबरीकार मित्राचं, फिट्झजेराल्डचं, टिपण बघायचं होतं. १९२९मध्ये, पुस्तक छापून यायच्या आधी, त्याने ते वाचून ९ पानी सूचना लिहिल्या. त्याच्या सल्ल्यावरूनच हेमिंग्वेने ‘द सन ऑल्सो रायझेस’ या आधीच्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं काढून टाकली होती. या वेळी मात्र टिपणाच्या तळाशी हेमिंग्वेने लिहिलं, “माझ्या ढुंगणाचा मुका घे,” आणि खाली आद्याक्षरं. चरित्रकारांना हा किस्सा फार आवडतो. सल्ला झिडकारला, मैत्री आटली, प्रकरण संपलं. माझ्या कच्च्या खर्ड्यातही तसंच होतं.

पण शेवटांच्या मसुद्यांत एक भलताच निघाला. जग प्रत्येकाला मोडतं, जे मोडत नाहीत त्यांना ठार करतं, हा उतारा कादंबरीत चौतिसाव्या प्रकरणात येतो. फिट्झजेराल्डचं म्हणणं, पुस्तक याच उताऱ्यावर संपव. आणि हेमिंग्वेने तसं करून पाहिलं होतं! छापताना तो उतारा मूळ जागीच राहिला आणि शेवटी नायक पावसात हॉटेलकडे चालत गेला, ही गोष्ट वेगळी. पण तळाशी शिवी हासडणाऱ्या माणसाने सल्ला बाजूला टाकला नव्हता. माझ्या मते शिवी रागाची आणि मसुदा कामाचा. दोन्ही एकाच माणसाचे. चरित्र लिहिणारे शिवीपाशी थांबतात, कारण ती सांगायला मजा येते.

संध्याकाळी मार्गदर्शक बाईंना उत्साहाने मेल केला, की हे प्रकरण नव्याने लिहिते. तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं: “लिही, पण आधी सांग, मसुदा आधीचा की शिवी?”