पुंडलिकाची आई

पुण्यात घरोघरी जाऊन मी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं नर्सिंग करते. म्हातारपण कशासाठी, परावलंबन कशासाठी, असले प्रश्न मला पडत नाहीत. कॅथेटर तुंबलाय का, माकडहाडावरची जखम किती खोल गेलीय, हे पडतात. आषाढी एकादशीला कोथरूडच्या एका घरात मात्र तो वाद माझ्या देखतच झाला.

आजींची डावी बाजू अर्धांगवायूनं गेलेली, जीभ शाबूत. पक्क्या वारकरी. आळंदी ते पंढरपूर, अडीचशेच्या आसपास किलोमीटर, पाय होते तोवर चुकवलं नाही. त्या दिवशी सांभाळणाऱ्या मावशींची सुट्टी, सून ऑफिसात. घरी मुलगा आणि आजोबा. डायपर कधीचा भरलेला, पण आजी मुलाला हात लावू देईनात. "सिस्टर येईस्तोवर अशीच पडते. तू नको."

स्वच्छ करून मी टाचा बघितल्या. लाल डागावर बोट दाबून सोडलं की कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी. डाव्या टाचेवर ती लालच राहिली. म्हणजे बेडसोअरची सुरुवात. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. दर दोन तासांनी मी कुठून येणार? मुलाला म्हटलं, "दादा, तुम्हालाच शिकावं लागेल."

आजींच्या डोळ्यांना धार लागली. "जन्मभर नाव घेतलं, त्याचं हे फळ? काय उपयोगाची राहिले मी?"

यावर लोक काय काय बोलतात ते मी रोज ऐकते. पूर्वजन्मीचं पाप म्हटलं की पेशंट आणखी ओशाळतो. सेवेचं पुण्य म्हटलं की रात्री उठून उठून थकलेल्या सुनेचं तोंड बंद होतं. दोन्हींचा मला राग येतो, म्हणून मी गप्प बसले.

आजोबा टीव्हीवर पंढरपूर बघत होते. आवाज बारीक करून म्हणाले, "अगं, पुंडलिकाचे आईबाप काय करत होते?"

"काय करत होते?"

"काही नाही. पडून होते. हा पाय चेपत बसलेला, म्हणून दारात आलेल्या देवाला वीट फेकून थांब म्हणाला. ते दोघं ठणठणीत असते तर विठ्ठल थांबला असता का? आला असता नि गेला असता."

आजी जरा वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण त्यांना कुणी विचारलं होतं, पाय चेपून घ्यायचेत का म्हणून?"

आजोबांना उत्तर सुचलं नाही. मला तर त्यांच्या युक्तिवादापेक्षा हा प्रश्नच जास्त पटला. मी ऐकलेल्या कुठल्याच कीर्तनात ती आई बोलत नाही. लाज वाटली असेल, मुलाच्या संसाराची काळजी वाटली असेल. करणाऱ्याची भक्ती सगळे गातात, करून घ्यायलाही काही लागतंच की.

आजींनी उजवा हात मुलाकडे केला. "ये बाबा, शीक."

गुडघा वाकवायचा, खांदा आणि कंबर एकदम धरून वळवायचं, दंडाला ओढायचं नाही. दादांना कूस पटकन जमली. डायपरच्या चिकटपट्ट्या काही जमेनात, एक स्वतःच्याच बोटाला चिकटली. आजी वैतागल्या.

"अरे, तो अठ्ठावीस युगं उभा आहे म्हणून तू पण तेवढीच लावणार का?"